पैसे कार्डात की बँकेत? स्मार्ट कार्ड वापरण्याआधी एवढे ओळखा

मागच्या दिवाळीत माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. भाऊबीजेला त्यांना भावाकडे जायचे होते, म्हणून आम्ही दोघी मेट्रोने निघालो. मी कार्ड टेकवून आत गेले. त्यांनी टेकवले तर फाटक हलेना. पुन्हा टेकवले, पुन्हा लाल. मागे माणसे तुंबली. जाऊबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगं, असं कसं? कालच नातवानं मोबाइलवरून पाचशे रुपये भरलेत. मेसेज पण आलाय बघ."

मेसेज खरा होता. पाचशे रुपये भरलेही गेले होते. पण ते कार्डात उतरलेच नव्हते. कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाऊबाईंच्या नावावर ते नुसते पडून होते. खिडकीवरच्या मुलाने कार्ड एका यंत्रावर ठेवले, बटण दाबले, आणि चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात पैसे कार्डात आले. फाटक उघडले. जाऊबाईंच्या मनातली शंका मात्र संध्याकाळपर्यंत गेली नाही. "पैसे भरले होते तर होते कुठे?" हे त्यांनी मला तीनदा विचारले. त्यांना घरी बसून सगळे समजावून सांगितले. तेच इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मला आमच्या सोसायटीत आणि भिशीत निदान दहा जणींनी तरी विचारला असेल.

मी एका सहकारी बँकेत सत्तावीस वर्षे काढली. त्यातली शेवटची नऊ वर्षे एटीएम कार्डांच्या टेबलावर. अडकलेले, वाकलेले, हरवलेले, पँटीबरोबर धुतलेले, सगळे कार्ड माझ्या टेबलावर यायचे. त्यातून एक सवय लागली. कुठलेही कार्ड हातात आले की मी आधी विचारते: याचे जे काही मोल आहे ते कार्डाच्या आत आहे की दुसरीकडे कुठे? एटीएम कार्डात एक पैसाही नसतो, पैसे बँकेत. मेट्रोच्या कार्डात पैसे खरोखर कार्डातच. आधारच्या प्लास्टिक कार्डात काहीच नाही. एवढे ओळखता आले की कार्ड कसे भरायचे, कसे जपायचे आणि हरवले तर आधी कुठे धावायचे, ते आपोआप कळते.

आधी कार्ड उलटसुलट करून बघा

पाकिटातली सगळी कार्डे टेबलावर पसरा. आकार बहुतेकांचा एकच दिसेल: ८५.६ मिलिमीटर लांब, जवळजवळ ५४ मिलिमीटर रुंद, जाडी पाऊण मिलिमीटर. हे माप जगभर ठरलेले आहे, म्हणूनच आपले कार्ड परदेशातल्या यंत्रातही बसते.

आता तीन खुणा शोधा. पहिली, पुढच्या बाजूला डावीकडे असलेली सोनेरी किंवा चंदेरी चौकट. तिलाच आपण चिप म्हणतो, पण खरी चिप त्या पत्र्याच्या खाली असते आणि तांदळाच्या दाण्याएवढी जागा तिला पुरते. वरचा पत्रा म्हणजे तिची दारे. नीट बघितले तर त्यावर सहा किंवा आठ कप्पे आखलेले दिसतील. एका कप्प्यातून वीज आत जाते, एकातून माहितीची ये-जा होते, बाकीचे ताल धरायला आणि चिप नव्याने सुरू करायला. कार्डात बॅटरी नसते. यंत्रात घातल्यावर यंत्रच तिला वीज देते, चिप जागी होते, काम करते, आणि कार्ड बाहेर काढले की झोपते.

दुसरी खूण म्हणजे चार वाकड्या रेघा, एकापुढे एक, तळ्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या लाटांसारख्या. ही असेल तर कार्ड टेकवून चालते. अशा कार्डात चिपला जोडलेली बारीक तार कडेकडेने गुंडाळलेली असते. फिकट रंगाचे कार्ड असेल तर अंधारात त्याच्या पाठीमागे मोबाइलचा टॉर्च लावून बघा, कधीकधी ती तार चक्क दिसते. जाऊबाईंना मी असेच दाखवले. कडेने फिरणारे वेढे बघून त्या म्हणाल्या, "हे तर पाटल्यांसारखं दिसतंय." यंत्राजवळ कार्ड नेले की यंत्रातून निघणाऱ्या लहरींमुळे या वेढ्यांत वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप चालते. लहरींचा पल्ला काही सेंटिमीटरच असतो. म्हणून कार्ड लांबून ओवाळून उपयोग नाही, टेकवायचे आणि एक-दोन म्हणेपर्यंत स्थिर धरायचे. घाईने फिरवून काढून घेणाऱ्यांनाच फाटक अडवते.

तिसरी खूण पाठीमागची काळी पट्टी. ही जुनी सोय. जुन्या कॅसेटमध्ये जशी फीत असायची तशीच ही, त्यावर लिहिलेले कोणीही वाचू शकतो आणि दुसऱ्या पट्टीवर उतरवू शकतो.

त्या पट्टीपायी लोकांनी किती भोगले, ते मी टेबलावर बसून पाहिले आहे. एक शाळामास्तर होते. कार्ड खिशात, पिन कोणाला सांगितलेला नाही, आणि खात्यातून दोन रात्रींत चाळीस हजार गेले, तेही आठशे किलोमीटरवरच्या शहरातून. प्रवासात कुठेतरी त्यांचे कार्ड घासताना पट्टीची नक्कल झाली होती आणि बोटांच्या हालचालीवरून पिन टिपला गेला होता. ते माझ्यासमोर बसून नुसते पासबुक उघडत होते आणि मिटत होते. ते पैसे पुढे परत मिळाले, पण त्याला चार महिने लागले.

चिप अशी नक्कल करू देत नाही. तिच्या पोटात एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर येत नाही. दर व्यवहाराला यंत्र तिला नवे कोडे घालते, ती आतल्या आत किल्ली वापरून उत्तर काढते आणि फक्त उत्तर बाहेर देते. पुढच्या वेळी कोडे वेगळे, उत्तर वेगळे. कोणी आजचे उत्तर चोरले तरी उद्या त्याचा उपयोग नाही. ही कल्पना काही आजची नाही. फ्रान्समध्ये रोलां मोरेनो यांनी १९७४ साली चिपच्या कार्डाचे पेटंट घेतले, आणि १९८० च्या दशकात तिथे सार्वजनिक फोनसाठी अशी कार्डे घरोघरी पोचली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने पट्टीची कार्डे बदलून चिपची द्यायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत ठरवली होती. त्या डिसेंबरात आमच्या शाखेत पेन्शनवाल्यांच्या रांगा दारापर्यंत होत्या. "जुनं चालतंय की, कशाला बदलायचं?" असे प्रत्येक जण विचारायचा, आणि मला दर वेळी ते शाळामास्तर आठवायचे.

बँकेचे कार्ड

इथे पैसे बँकेत, कार्डात फक्त किल्ली. म्हणून कार्ड मोडले तर घाबरू नका, पैसे जिथल्या तिथे आहेत. हरवले तर मात्र एक मिनिटही दवडू नका, कारण किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे.

दुकानात चिप असलेले कार्ड घासायचे नाही, खाचेत घालायचे आणि पडद्यावर "कार्ड काढा" येईपर्यंत तसेच ठेवायचे. मध्येच ओढले तर व्यवहार अर्धवट राहतो. चिप चालत नाही म्हणून कोणी पट्टी ओढायला लागले तर थांबवा. पैसे रोख द्या आणि बँकेत जाऊन नवे कार्ड मागा. चिप बिघडलेले कार्ड पट्टीवर ढकलत राहणे म्हणजे दाराला कुलूप असताना खिडकीतून ये-जा करणे.

टेकवून द्यायचे असेल तर ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. २०२१ च्या १ जानेवारीपासून ही मर्यादा आहे, आधी ती २००० होती. सोय चांगली आहे, पण टेकवण्याआधी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा स्वतः वाचा. चष्मा नसेल तर दुकानदाराला मोठ्याने वाचायला सांगा. लाजायचे कारण नाही.

पिन तुम्हीच टाकायचा. "काका, पिन सांगा, मी टाकतो" असे म्हणणारा मुलगा कितीही गोड असला तरी यंत्र आपल्या हातात घ्यायचे. एका हाताने टाकायचा, दुसरा हात वर आडवा धरायचा. चिपची नक्कल होत नाही, पण कार्ड आणि पिन दोन्ही एकाच माणसाच्या हाती पडले तर चिप बिचारी काय करणार? कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटावर बॉलपेनने पिन लिहिलेली कार्डे मी शेकड्याने पाहिली आहेत. हे वाचत असताना तुमच्या घरातल्या आजी-आजोबांचे कार्ड एकदा बघून घ्या.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: मोबाइलवरून खरेदी करताना चिपचा काही संबंध नसतो. तिथे फक्त पुढचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे चालतात. म्हणून कार्डाचा फोटो कोणालाही पाठवायचा नाही, अगदी मुलाला व्हॉट्सॲपवरसुद्धा नाही. ओटीपी तर कोणाच्या बापाला सांगायचा नाही.

आता उठून एक काम करा. बँकेचे ॲप उघडा, कार्डांच्या पानावर जा. परदेशातले व्यवहार, ऑनलाइन व्यवहार, टेकवून व्यवहार, प्रत्येकाला वेगळे बटण दिसेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशाने ही सोय सगळ्या बँकांना द्यावी लागते. परदेशी जायचे नसेल तर ते बटण बंद ठेवा. टेकवून कधीच देत नसाल तर तेही बंद. दिवसाची मर्यादाही तिथेच कमी करता येते. माझ्या आईच्या कार्डाची मर्यादा आम्ही पाच हजारांवर ठेवली आहे. तिला एका दिवसात त्याहून जास्त लागतच नाहीत. ॲप नसेल तर शाखेत अर्ज द्या, आम्ही अशी कामे रोज करायचो.

मेट्रोचे आणि बसचे कार्ड: इथेच सगळे अडखळतात

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडे येते. फाटकातून मिनिटाला कितीतरी माणसे जायची असतात. प्रत्येक कार्डासाठी बँकेला विचारत बसले, आणि त्यात नेट अडखळले, तर जिन्यापर्यंत रांग लागेल. त्यासाठी पैसे कार्डातच ठेवायचे असे ठरले. फाटक आणि चिप आपसांत हिशेब करतात, बँकेला ते नंतर कळते. आपल्या देशात यासाठी नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे, ते ४ मार्च २०१९ ला अहमदाबादेत सुरू झाले. एकाच कार्डावर वेगवेगळ्या शहरांतली मेट्रो आणि बस चालावी ही त्यामागची कल्पना. पुण्यात 'एक पुणे' कार्ड, मुंबईत मेट्रोचे 'मुंबई १' कार्ड, ही याच घरातली. बऱ्याच बँकांच्या 'रूपे' (RuPay) छापलेल्या डेबिट कार्डातही ही सोय आत बसवलेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो.

या कार्डात दोन पाकिटे आहेत असे समजा. एक पाकीट बँकेकडे, एक चिपच्या पोटात. फाटकाला फक्त चिपच्या पोटातले पाकीट दिसते. खिडकीवर रोख देऊन कार्ड भरले तर पैसे सहसा सरळ चिपमध्ये जातात, कारण कार्ड त्या वेळी यंत्रावरच असते. मोबाइलवरून भरले तर कार्ड असते घरात कपाटात. पैसे त्याच्यापर्यंत जाणार कसे? ते बँकेकडच्या पाकिटात थांबतात. स्थानकावर गेलात की फाटकाआधी खिडकीवर किंवा तिथल्या यंत्रावर कार्ड ठेवायचे आणि "बॅलन्स अपडेट" म्हणायचे. तेव्हा पैसे एका पाकिटातून दुसऱ्यात उतरतात. काही ॲपमध्ये हेच काम घरीसुद्धा होते, पण त्यासाठी मोबाइलमध्ये एनएफसी, म्हणजे टेकवलेले कार्ड वाचायची सोय, हवे आणि कार्ड मोबाइलच्या पाठीला चिकटवून धरावे लागते. डेबिट कार्ड वापरत असाल तर आणखी एक: तुमच्या बचत खात्यातले पैसे फाटकाला दिसत नाहीत. खात्यात लाख रुपये असले तरी चिपमधले पाकीट रिकामे असेल तर फाटक बंदच. ते पाकीट वेगळे सुरू करून वेगळे भरावे लागते.

जाऊबाईंना मी हे धान्याच्या उदाहरणाने सांगितले. तांदूळ कोठीत भरून ठेवलाय, पण डब्यात काढला नाही, तर ओट्यापाशी उभे राहून भात कसा करणार? हे त्यांना लगेच पटले. आता त्या मोबाइलवरून पैसे भरतच नाहीत. खिडकीवर नोट देतात आणि पावती पर्समध्ये घडी करून ठेवतात. माझ्या मते त्यांच्या वयाला तेच उत्तम.

चिपमधल्या पाकिटात २००० रुपयांपर्यंत पैसे ठेवता येतात, पण तेवढे ठेवू नका. त्यातून भाडे जाताना पिन लागत नाही, आणि कार्ड हरवले तर ते पैसे नोटेसारखे गेले. बँकेला फोन करून कार्ड बंद केले तरी चिपमधली शिल्लक परत मिळत नाही. बँकेकडच्या पाकिटातले पैसे मात्र वाचतात. मी चारशेच्या वर ठेवत नाही, शंभराखाली आले की भरते.

आणखी एक खुबी आहे. आत जाताना फाटक चिपवर लिहून ठेवते: कुठल्या स्थानकातून, किती वाजता. बाहेर पडताना दुसरे फाटक ते वाचते आणि भाडे कापते. म्हणून ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर या. एका कार्डावर दोघांना एका वेळी जाता येत नाही. आणि गर्दीत कोणाच्या मागोमाग टेकवल्याशिवाय बाहेर पडलात, तर कार्डाच्या हिशेबी तुम्ही अजून आतच आहात. पुढच्या वेळी ते तुम्हाला आत घेणार नाही. खिडकीवर दाखवले की दुरुस्त करून देतात, कधी थोडे पैसे कापतात.

याच कारणाने सगळी पर्स फाटकावर टेकवू नका. आत दोन-तीन लाटांची कार्डे असली तर फाटक एकतर गोंधळते आणि लाल होते, नाहीतर जाताना एक कार्ड धरते आणि येताना दुसरे. मग पहिले कार्ड आत अडकलेले आणि दुसऱ्याला प्रवेशाची नोंदच नाही. मेट्रोचे कार्ड वेगळ्या कप्प्यात ठेवा. मी मोबाइलच्या कव्हरमध्येही ठेवत नाही. तिथे ते वाकते, आणि टेकवताना मोबाइल मध्ये येतो.

ज्यात काहीच नसते ती, आणि ज्यात सगळे असते ती

आधारचे प्लास्टिक कार्ड दिसते चिपच्या कार्डासारखेच, पण त्यात चिप नाही. वर क्यूआर कोड आहे आणि तुमची सगळी माहिती आधार प्राधिकरणाच्या संगणकात. पॅन कार्डाचेही तेच. म्हणून "स्मार्ट आधार करून देतो" म्हणून कोणी दोन-तीनशे रुपये मागत असेल तर देऊ नका. साध्या कागदावर छापलेले आधारही तितकेच चालते. प्लास्टिकचे हवे असेल तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच मागवा, टपालाने घरी येते.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे २००८ साली सुरू झालेली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एक चिपचे कार्ड मिळायचे, पाच माणसांपर्यंत, वर्षाला ३०,००० रुपयांच्या उपचारांसाठी, आणि नोंदणीला कुटुंबाने द्यायचे ३० रुपये. कुटुंबातल्या माणसांच्या बोटांचे ठसे त्या चिपमध्येच असायचे. का? कारण तालुक्याच्या रुग्णालयात नेट असेलच याची खात्री नव्हती. नेट नसताना माणूस ओळखता यावा म्हणून माहिती त्याच्या खिशातच ठेवली. फाटकाला घाई असते आणि रुग्णालयाला नेट नव्हते, पण दोन्हीकडे उत्तर एकच निघाले. मला या योजनेचे तंत्र आजही फार आवडते.

वाहन परवान्यावर चिप असली तरी माहिती परिवहन खात्याच्या सारथी प्रणालीतही असते. रस्त्यात अडवले तर सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधला परवाना चालतो, म्हणून कार्ड घरी ठेवून मोबाइलमध्ये तो उतरवून घ्या.

पासपोर्टमध्ये आता चिप येते. देशात एप्रिल २०२४ पासून ई-पासपोर्ट टप्प्याटप्प्याने सुरू झाले, पहिल्या शहरांत आपले नागपूर होते, आणि ही पुस्तके छापली जातात नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. मुखपृष्ठावर खाली लहानसे सोनेरी चिन्ह दिसले तर तुमच्या पासपोर्टात चिप आहे. जुना पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतोच, धावपळ करू नका. चिपवाल्याला स्टेपलर मारू नका, मुडपू नका. खिशातल्या खिशात कोणी तो वाचेल ही भीती नको. आतल्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या असतात, त्या आधी वाचल्याशिवाय चिप तोंड उघडत नाही, आणि त्या वाचायला पासपोर्ट उघडावाच लागतो.

मोबाइलमधले सिम हेही चिपचेच कार्ड, फक्त कडेचे प्लास्टिक कापून टाकलेले. त्यातही गुप्त किल्लीच असते. नंबर कंपनीकडे असतो, म्हणून सिम हरवले तरी तोच नंबर पुन्हा मिळतो. पण जुन्या लोकांनी सिमवरच साठवलेले फोन नंबर सिमबरोबर जातात. ते आधी मोबाइलमध्ये किंवा वहीत उतरवून घ्या. आपले सगळे ओटीपी सिमवर येतात, तेव्हा त्यालाही पिन लावता येतो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये, सुरक्षेच्या पानावर "सिम लॉक" सापडेल. आधीचा पिन काय आहे ते कंपनीला विचारूनच हात लावा. तीनदा चुकले की सिम बंद होते आणि पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक लागतो, तो दहादा चुकला की सिम कायमचे मेले.

सोसायटीच्या फाटकाची कार्डे बहुधा सगळ्यांत कच्ची. त्यातली बरीचशी फक्त एक नंबर सांगतात, गुप्त किल्ली वगैरे काही नाही. किल्लीवाल्याकडे त्यांची नक्कल सहज होते. म्हणून भाडेकरू गेला की त्याचे कार्ड परत घेऊन भागत नाही, यंत्रातून तो नंबरही काढून टाकायला सेक्रेटरीला सांगा.

जपायचे कसे

चिपचा खरा शत्रू वाकणे. मागच्या खिशात पाकीट ठेवून स्कूटरवर बसणाऱ्यांची कार्डे दोन वर्षांत जातात, कारण चिपपासून पत्र्यापर्यंतच्या जोडण्या केसाहून बारीक असतात. चुंबकाने चिपला काही होत नाही, काळी पट्टी मात्र खराब होऊ शकते.

ऑफिसात गळ्यात अडकवायला कार्डाला भोक पाडणारे भेटतात. माझ्या भाच्याने हेच केले. पंचिंग मशीनने कोपऱ्यात छान गोल भोक पाडले आणि दुसऱ्या दिवसापासून कार्ड टेकवून चालेना. कडेच्या तारेचा वेढा तुटला होता. एक वेढा तुटला की सगळी वीज थांबते. लॅमिनेशनही नको. गरम रुळाखालून गेलेले कार्ड वर दिसायला चकचकीत, आत खल्लास. गळ्यात घालायचेच असेल तर प्लास्टिकचे खोबण मिळते, त्यात सरकवा.

पत्रा काळवंडला तर कोरड्या सुती कापडाने पुसा. खोडरबर घासतात काही जण. एकदा हलक्या हाताने चालेल, पण रोज नको, वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो.

हरवले तर

आधी बँकेचे कार्ड बंद करा. ॲपमधून किंवा कार्डामागच्या फोन नंबरवरून. पण कार्डच हरवले तर त्यामागचा नंबर वाचणार कसा? म्हणून तो आजच वहीत लिहून ठेवा. बंद केल्यावर तक्रारीचा क्रमांक आणि वेळ टिपून घ्या, कारण त्या क्षणानंतर जे जाईल ते बँकेचे नुकसान. आधी काही गेले असेल, आणि त्यात तुमची किंवा बँकेची चूक नसेल, तर मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलेत की तुमच्यावर काही बोजा येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हा नियम आला, शाखेत कोणी टोलवाटोलवी केली तर त्याचे नाव घ्या. चार ते सात दिवसांत कळवले तर थोडा भार तुमच्यावर. पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. फसवणूक झाली असेल तर लगोलग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतक्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता येतात, म्हणून तासाभरातच केलेला बरा. मग सिम. मग मेट्रोचे. परवान्याची घाई नाही.

मुदत संपलेले कार्ड नुसते कोपऱ्यात कातरून टाकणारे खूप. कात्री सोनेरी चौकटीच्या मधोमध गेली पाहिजे, मग काळ्या पट्टीवरून आडवी, मग नंबरावरून. तुकडे एकाच दिवशी एकाच डब्यात टाकू नका. मेट्रोचे कार्ड असेल तर कात्री उचलण्याआधी मुदत संपायच्या महिन्याभर आधीच आतली शिल्लक खर्चून टाका. जाऊबाईंच्या कार्डाची मुदत पुढच्या वर्षी संपते आहे. ती तारीख त्यांनी कालनिर्णयाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे.